आजारी पडण्याआधी गाठायचं लेकरू

सकाळी ६.००

मृगाचा पाऊस चांगला झाला की आमच्याकडं कुणालाच उसंत नसते. वाफसा आला की पेरणी साधायची म्हणून बाया पहाटेच भाकरी थापतात आणि उजाडताना शेताची वाट धरतात. कडेवरचं लेकरू आजीपाशी राहतं, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी. माझ्या कामाचा खरा हंगामही हाच. या दिवसांत पाणी गढूळतं, पावसामुळं अंगणातली चूल घरात येते, आई दिवसभर बाहेर असते, आणि ऊसतोडीहून परतलेल्या घरांतला दाणागोटा संपत आलेला असतो. लेकरांच्या वाईटावर उठलेल्या चारही गोष्टी एकाच महिन्यात गोळा होतात.

मी आरोग्यसेविका आहे. गावात सगळे सिस्टर म्हणतात. माझं उपकेंद्र नांदेड जिल्ह्यात, पण लातूरच्या शिवेला लागून. बाजार अहमदपूरचा, सोयरिकी चाकूर-उदगीरकडच्या, कागदपत्रं मात्र नांदेडची. लेकरू जास्तच आजारी पडलं की घरात पहिला वाद होतो तो नांदेडला न्यायचं की लातूरला, यावर. तो वाद होण्याची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी माझी सकाळ एका यादीनं सुरू होते.

ही यादी आजारी लेकरांची नाही. आजारी लेकराला कुणीतरी दवाखान्यात आणतंच. जे अजून आजारी नाही पण पडण्याच्या बेतात आहे, ते आपल्याला घरी जाऊन शोधावं लागतं. जन्मतः वजन अडीच किलोच्या आत असेल तर नावापुढं एक फुली. पाठचं भावंड दोन वर्षांच्या आत झालं असेल तर एक. लस चुकली असेल, सहा महिन्यांच्या आत वरचं दूध सुरू झालं असेल, घरात चुलीचा धूर कोंडत असेल, पाणी उघड्या भांड्यातलं असेल, आई दिवसभर मजुरीला असेल, तर प्रत्येकाची एकेक. एका फुलीचं लेकरू पावसाळा निभावून नेतं. तीन-चार फुल्यांच्या लेकराला साधं पडसंही महागात पडतं.

सकाळी ७.००

पहिलं काम पाण्याचं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि मी नळाच्या पार शेवटच्या टोकाला जातो. टाकीपाशी पाणी तपासून उपयोग नसतो. तिथं क्लोरीन सापडणारच. शेवटच्या घरातल्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटी टेस्टचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीनची टीसीएल पावडर इथवर पोचली असं समजायचं. आज रंग आला नाही. पाणी जसंच्या तसं.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वाटेत व्हॉल्वचा खड्डा पावसाच्या पाण्यानं तुडुंब भरलाय आणि पाइप गटारातून गेलाय. पाणी सुटलेलं असतं तेव्हा गळतीतून ते बाहेर येतं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप आजूबाजूची घाण आत ओढून घेतो. पुढच्या वेळी नळ सोडला की पहिल्या दोन घागरी त्या घाणीच्याच भरतात. जून २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात मुगाव तांड्यावर विहिरीच्या दूषित पाण्यानं नव्वदहून जास्त माणसांना जुलाब-पोटदुखी झाली होती. साडेचारशेच्या आसपास वस्तीचा तांडा, म्हणजे दर पाचातलं एक माणूस. अशा साथीत मोठी माणसं दोन दिवसांत उठून बसतात; धोका असतो तो वर्षाच्या आतल्या लेकराला. त्याच्या अंगात पाणीच किती असतं? चार-पाच पातळ जुलाबांत ते सुकतं.

गावाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालंय, ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलंय. पण ते पाहणीच्या दिवसाचं कार्ड आहे. आजच्या पाण्याचं नाही. जलसुरक्षकाला पावडरची गोणी दाखवायला सांगते. तोंड उघडं, पावडरला ओल धरलेली. उघड्या गोणीतला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. नवी गोणी, घट्ट झाकणाचा डबा, आणि पावडर कालवून टाकल्यावर अर्धा तास तरी थांबूनच पाणी सोडायचं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तिथूनच फोन करून सांगते. खड्ड्याचं कामही आजच्या आज.

सकाळी ८.१५

आशाताई वाट पाहत उभ्या आहेत. एका बाळंतिणीचा आज चौदावा दिवस. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून देशभर गेली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ ते १९९८ मध्ये खेड्यातल्या बायकांना शिकवून त्यांच्या हातून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. आशाताई वजनकाट्याची झोळी काढतात तेव्हा मला तो आकडा हमखास आठवतो.

बाळ जन्मताना २ किलो १०० ग्रॅमचं होतं. आई एकोणीस वर्षांची, लग्न सतराव्या वर्षी लागलेलं, बाळंतपणाच्या वेळी रक्त नऊच्या आत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आईचं स्वतःचंच अंग भरलेलं नसतं, तेव्हा पोटातल्या जिवाला द्यायला तिच्यापाशी काय असणार? ही फुली बाळाच्या नावापुढं त्याच्या जन्माआधीच लागलेली असते.

खोलीत शेगडी पेटलेली, ओवा-बाळंतशोपेचा धूर. आजी सहाणेवर बाळगुटी उगाळत बसल्यात. त्यांच्या हाताला खूप माया आहे, म्हणून मी आधी त्यांच्याजवळ बसते.

"आजी, शेक आईला द्या. बाळाला धुरी नको. एवढुसं तर फुफ्फुस आहे त्याचं."

"आमच्या पाच लेकरांना दिली की माय धुरी."

"दिली ना. पण हे दोन किलोचं आहे, आजी. त्याला धूर सोसत नाही. आणि या सहाणेचं पाणी कच्चं आहे, ते पोटात जायला नको. त्याला फक्त आईचं दूध, दुसरं काही नाही. सहा महिने."

नाकात-कानात तेल सोडायचं नाही, हेही सांगते. नाकातून ते थेट छातीत उतरू शकतं. मग सुनेच्या पदराआड बाळाला उघड्या अंगानं तिच्या छातीशी लावते, वरून लुगड्याचा घट्ट वेढा. आईच्या अंगाची ऊब मिळाली की बाळाची स्वतःला गरम ठेवण्यातली ताकद वाचते आणि ती वजनाकडं जाते. दूध ओढण्याचा चुटूक चुटूक आवाज येतो. आशाताई काटा वाचतात, २ किलो २५० ग्रॅम. चौदा दिवसांत जन्मवजन भरून निघालंय आणि वर दीडशे ग्रॅम. आजी स्वतः वाकून काट्यावरचा आकडा पाहतात. उद्यापासून बाळाला छातीशी धरायची पाळी आपणही घेणार, असं त्याच म्हणतात.

सकाळी १०.००

अंगणवाडीत लसीकरण. चार आइसपॅकच्या कॅरिअरमध्ये लसी आल्यात. अंगणवाडीताईंनी फळ्यावर नावं लिहून ठेवली आहेत आणि मदतनीस मावशी घरोघर निरोप द्यायला गेल्या आहेत. पेरणीमुळं अर्ध्या आया शेतात. लेकरं घेऊन आज्याच आल्या आहेत.

माझं लक्ष दोन घरांवर आहे. दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेली ही घरं उन्हाळ्यात परत आली. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या डोंगरपट्ट्यातून नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला जातात आणि लेकरू फडात, पाचटाच्या कोपीत वाढतं. आई पहाटे उसात शिरते, लेकरू बांधावरच्या झोळीत. अंगणवाडीचा आहार त्याच्या गावात, लसीचं कार्ड घरच्या पेटीत आणि लेकरू तिसऱ्याच जिल्ह्यात. सहा महिन्यांत चुकलेलं एकेक मग पावसाळ्यात वर येतं.

त्यांतल्या एका घरातली मुलगी दहा महिन्यांची. पेंटा लसीचा एकच डोस झालेला. आजीला वाटतं, आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल, म्हणून ती मागंच उभी होती. तसं नसतं. लस चुकली तरी आधीचा डोस वाया जात नाही. जिथं थांबलं तिथून पुढं चालू करायचं. राहिलेला पेंटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, नऊ महिने भरल्यामुळं गोवर-रुबेला, आणि अ जीवनसत्त्वाचा एक मिली डोस. गोवर झाला की लेकराची प्रतिकारशक्ती कित्येक महिने खचलेली राहते, आणि त्यामागून न्यूमोनिया, जुलाब येतात. लसीनं फक्त एक आजार टळतो असं नाही, त्याच्या मागून येणारी रांगही टळते.

गोवर-रुबेलाची कुपी एकदा उघडली की चार तासांतच वापरायची. तरी मी एकाच लेकरासाठी कुपी फोडायला कधी कां-कूं करत नाही, पण उरलेली वाया जाऊ नये म्हणून मावशींना पुन्हा एकदा गल्लीत पाठवते. अजून तीन लेकरं येतात. टोचल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवायचं. आजी घाई करतात, पण त्या अर्ध्या तासातच माझं दुसरं काम होतं.

ते काम दंडाच्या पट्टीचं. डाव्या खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचा मध्य धरायचा, तिथं पट्टी गुंडाळायची. आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. सहा महिने ते पाच वर्षं, सगळ्यांना एकच माप. सदऱ्यात लेकरू गुबगुबीत दिसतं. पट्टी लावली की खरं कळतं. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुंटलेली आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकलेली निघाली. सहा महिने ते पाच वर्षांतल्या दर दहातल्या जवळपास सात मुलांना रक्तक्षय होता. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या जगभरातल्या लेकरांपैकी जवळपास निम्म्यांच्या मरणाला कुपोषणाचा हात लागलेला असतो. दाखल्यावर मात्र न्यूमोनिया किंवा अतिसार एवढंच लिहिलं जातं.

आज दोन पिवळे निघाले. दोघांनाही घरपोच आहार मिळतो, पण घरात पाच भावंडं आणि पाकीट सगळ्यांत वाटलं जातं. अंगणवाडीताईंशी ठरवते, या दोघांना रोज इथंच, आपल्या डोळ्यांसमोर भरवायचं, आणि आठवड्यानं पुन्हा पट्टी.

दुपारी १२.००

आवराआवर चाललेली असताना एक आजी धापा टाकत येतात. कडेवर चौदा महिन्यांचा नातू, मान खांद्यावर टाकलेली.

"काल रातीपासून नुसतं हागूलालंय बघा, सिस्टर. उलट्या बी झाल्या. म्हणून सकाळपासून काही दिलं नाही, पाणी बी नाही."

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडते. ती लगेच बसत नाही, हळूहळू खाली जाते. डोळे खोल गेलेले. चमच्यानं पाणी लावलं तर अधाशासारखं ओढतो, चमचा धरून ठेवतो. हे सगळं पाहून थोडा धीर येतो. तहान शाबूत आहे आणि गिळता येतंय, म्हणजे सलाईनशिवाय निभेल. वजन आठ किलो. किलोला ७५ मिली या हिशेबानं चार तासांत सहाशे मिली ओआरएस.

पाकीट एक लिटरचं आणि लिटरचं माप घरात नसतं. मी नेहमी एक लिटरची पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि आजींनाच मोजायला लावते. अख्खं पाकीट, अख्खी बाटली. अर्धं पाकीट पेल्यात कालवलं की प्रमाण चुकतं; फार खारट झालं तर अपाय, फार पातळ झालं तर उपयोग नाही. मग चमचा-चमचा, दर मिनिटाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू, पण आणखी सावकाश. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावात याच मीठ-साखरेच्या पाण्यानं माणसं वाचवली. ड्रमात कालवलेलं ते पाणी तेव्हा नातेवाईकच पाजत होते. आज अंगणवाडीच्या चटईवर आजी तेच करतात.

"दूध तोडायचं नाही, आजी. अंगावरचं जितकं घेईल तितकं घेऊ द्या. जुलाब चालू असतानाही पेज, वरणाचं पाणी, ताक. उपाशी ठेवलं की आतडं भरून यायला आणखी उशीर."

सोबत झिंकच्या गोळ्या. रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की लोक गोळी बंद करतात. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांतला पुन्हा होणारा जुलाब टळतो तो पूर्ण चौदा दिवसांमुळं. आशाताई रोज जाऊन गोळी दिली का ते बघणार.

हे चालू असताना मी विचारते, लेकरू दूध कशानं पितं? आई शेतात असते तेव्हा बाटलीनं. बाटली पिशवीतच आहे. बुचाच्या रबरात आंबट वास आणि आतून पांढरा थर. या लेकराच्या नावापुढं पाण्याची एक फुली होती. बाटलीची दुसरी झाली, आईच्या मजुरीची तिसरी. गढूळ पाणी गल्लीतल्या सगळ्या घरांत आलं, पण सुकण्याची वेळ याच्यावर आली. आजींना वाटी-चमच्यानं पाजून दाखवते. वाटी घासता येते, उकळता येते. बाटलीच्या आत कुणाचा हात पोचत नाही.

दुपारी २.३०

आशाताईंना आजींपाशी बसवून मी तांड्यावर निघते. चढाची वाट, काळ्या मातीचा चिखल चपलेला धरून बसतो. तांड्यावरच्या आशाचा निरोप आहे, एकाच घरात दोन लेकरांना खोकला.

पत्र्याची एक खोली, सात माणसं. खिडकी नाही. कोपऱ्यात चूल, त्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या, पावसानं ओल्या झालेल्या, म्हणून जाळ कमी आणि धूर फार. उज्ज्वलाची टाकी दाराशी उभी आहे. टाकी भरून आणायला पैसे लागतात आणि तुराट्या रानात फुकट आहेत, म्हणून गॅसवर फक्त चहा होतो. आत गेल्यावर माझेच डोळे चुरचुरतात. आई भाकरी करत असते तेव्हा लेकरू तिच्या मांडीपाशीच असतं, म्हणजे चुलीच्या सगळ्यात जवळ. दारात आजोबा विडी ओढतायत.

मुलगा दोन वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची, चुलत भावंडं. दोघांना चार दिवसांपासून खोकला, दोघांचं नाक वाहतंय, दोघांचं अंग कोमट. घरच्यांच्या मते दोघांना एकच झालंय. मुलगा अंगणात कोंबडीमागं धावतोय. त्याला शांत करून श्वास मोजते, ३४. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा मिनिटाला चाळीसच्या आत असेल तर ते पडसंच.

मुलीला तिच्या आत्याच्या मांडीवर झोपूच देते. रडत्या लेकराचे श्वास मोजायचे नसतात. झबलं वर करते, पोटावर नजर ठेवते, घड्याळाचा काटा बारावर आला की मोजायला सुरुवात. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही. लहान लेकराचा श्वास कधी भरभर, कधी मंद चालतो, म्हणून पूर्ण साठ सेकंद. पोट वर, खाली. वर, खाली. छप्पन्न. दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया. बरगड्यांखालचा भाग आत जातोय का ते उजेडात नेऊन बघते. अजून तरी नाही. मग पट्टी काढते, ११.२, लाल.

इथं निर्णय बदलतो. बरगडी उडत नसेल आणि अंगानं बरं असेल तर असा न्यूमोनिया घरी अमॉक्सिसिलिन देऊन, तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासून बरा करता येतो. लाल पट्टीच्या लेकराला घरी ठेवायचं नाही. त्याला ताप चढत नाही, ते जोरात रडत नाही, धोक्याची खूण नीट दाखवतच नाही. त्याच्या अंगात लढायलाच बळ नसतं. ही मुलगी आठव्या महिन्यात जन्मलेली, वजन १ किलो ९००. थोरली बहीण फक्त चौदा महिन्यांनी मोठी, त्यामुळं हिच्या वेळी आईला स्वतःचं अंग सावरायलाही वेळ मिळाला नाही. पीसीव्हीचा डोस ऊसतोडीत चुकलेला. धूर आहेच. आजारापेक्षा आजाराच्या आधीचंच जास्त होतं.

अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस तिथंच देते. १०८ ला फोन लावते. आई निंदायला शेजारच्या शिवारात गेलेली. तांड्यावरचा एक पोरगा मोटारसायकल घेऊन तिला आणायला पळतो. ती येते ती चिखलाच्या पायांनीच. लेकराला कवेत घेते आणि पहिला प्रश्न विचारते, "रोज बुडंल का दोन दिवस?"

मी तिला खरं ते सांगते. चार-पाच दिवस बुडेल. औषध, गाडी, कशाचेच पैसे लागणार नाहीत. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत आहे. अहमदपूरचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, आधी तिथंच. पुढं पाठवावं लागलं तर लातूरला किंवा विष्णुपुरीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ते डॉक्टर ठरवतील. घरात वाद घालत वेळ काढायचा नाही. गाडीत लेकरू छातीशी, अंगावर पाजत न्यायचं. ती मान हलवते. गाडी येईपर्यंत तिच्या हातात भाकरी-चटणी देतो आम्ही. सकाळपासून तिच्याही पोटात काही नाही.

दुपारी ४.३०

अंगणवाडीत परत येते तर आजींच्या मांडीवरचा नातू बिस्किटासाठी हात पसरतोय. बाटलीत थोडंच उरलंय. कातडी धरून बघते, लगेच खाली बसते. लघवीही झाली. आजींचा चेहरा फुललेला. दोन पाकिटं, झिंकची पट्टी आणि एक ताकीद देते: शौचात रक्त दिसलं, पाणी पिणं सोडलं किंवा सुस्त पडला, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. बाटली त्या स्वतःच उकिरड्यावर टाकून जातात.

परतताना चार घरांतले रांजण आणि बॅरल बघते. आमच्या भागात पाणी साठवून ठेवण्याची सवय दुष्काळानं लावली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, ती टंचाई इथली माणसं विसरलेली नाहीत. म्हणून आजही दारात एक बॅरल भरलेलं असतंच. त्या बॅरलवर झाकण नसेल तर आठवड्यात त्यात डासांच्या अळ्या होतात आणि पावसाळ्याच्या शेवटी लेकरांत डेंग्यू येतो. आत तांब्या-हात बुडवला तर तेच पाणी जुलाबाचं होतं. साठवण मोडा असं मी सांगत नाही, कारण नळ कधी येईल याची मलाही खात्री देता येत नाही. सांगते ते एवढंच: झाकण, लांब दांड्याचं ओगराळं, आणि आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून घासून कोरडं. एका घरातली सातवीतली मुलगी म्हणते, रविवार माझ्याकडं लागला. तिच्या नावानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवते.

संध्याकाळी ६.४५

बाया शेतातून येण्याची ही वेळ. बाप माणसं मारुतीच्या पारावर. लेकरांच्या आजाराचं सगळं बोलणं आयांशीच करायचं, ही रीत मी सोडून दिली आहे. धूर, टाकीचे पैसे, विडी, दुसऱ्या बाळंतपणातलं अंतर, ऊसतोडीला जाताना पेटीत राहणारं कार्ड, यातली एकही गोष्ट एकट्या बाईच्या हातात नसते.

आज पारावर चार गोष्टी मांडते. पावसाळ्याचे चार महिने तरी भाकरी गॅसवर; जमत नसेल तर चुलीच्या वरचा एक पत्रा उचलून धुराला वाट, आणि सरपण आढ्याला कोरडं ठेवा. विडी लेकरू नसेल तिथं, घराबाहेर, अंगणापलीकडं. एक मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत दुसरं नको. त्यासाठी तांबी आहे, अंतराचं इंजेक्शन आहे, आणि दोन्ही उपकेंद्रात फुकट आहेत. कोयत्यावर जाताना लसीचं कार्ड पैशांच्या पिशवीत; महाराष्ट्रात कुठंही ते दाखवलं की पुढचा डोस मिळतो.

एक जण विचारतो, "सिस्टर, हे सगळं खरं. पण पेरणीच्या दिवसांत लेकराला बघायचं कुणी? माझी माय सत्तरीची आहे."

दिवसभरातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच. बाटली आली ती आई शेतात होती म्हणून. न्यूमोनिया चार दिवस कुणाच्या लक्षात आला नाही तोही तिथूनच. पिवळ्या पट्टीच्या लेकरांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं भरवावं लागतं आणि भरवणारी बाई सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चिखलात असते.

रात्री ८.३०

अहमदपूरहून फोन. मुलीला ऑक्सिजन लावलाय, दूध ओढतेय, आई जवळ आहे. उद्या सकाळी पुन्हा विचारायचं.

नोंदी पुऱ्या करते. लसीकरणाचे आकडे पोर्टलवर चढवायचे, ओटीचा निकाल ग्रामपंचायतीच्या वहीत, संदर्भित केलेल्या बाळाची चिठ्ठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना. मग तो पारावरचा प्रश्न कागदावर उतरवते, कारण परवा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक आहे.

रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, असं कायद्यातच आहे. शेताच्या बांधावर तो कायदा पोचत नाही, पण त्यातली समज पोचू शकते. माझा प्रस्ताव साधा आहे. पेरणी आणि खुरपणीचे सहा आठवडे अंगणवाडी सकाळी सातला उघडावी आणि संध्याकाळी सहाला बंद व्हावी. दोन वर्षांखालच्या लेकरांसाठी दोन जास्तीच्या बाया, त्यांची मजुरी गावानं काढायची. दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं खाणं, उकळलेलं पाणी, आणि अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईला दुपारी शेतातून एक तास सुट्टी, ती शेतमालकानं मजुरी न कापता द्यायची. जमीनदार, मजूर, सरपंच, सगळे त्याच बैठकीत बसलेले असतील.

गोळी, लस, ओआरएस हे सगळं शासन माझ्या हाती देतं आणि मी ते दारापर्यंत नेते. आईचा दिवसातला एक तास कुठल्याच कॅरिअरमधून येत नाही. तो गावानंच गावाच्या लेकरांसाठी काढायचा आहे, आणि परवा मी तो मागणार आहे.